बारदाना कापून बावन्न किलो

बुलढाणा जिल्ह्यात मी सहा दिवस होते आणि त्यातले पहिले चार दिवस माझ्याकडे एकच काम होतं: एका मुलीला पोटभर जेवू द्यायचं नाही. असलं काम घेऊन वऱ्हाडात जाणारी मी पहिलीच असेन. ज्यांनी तिकडचा पाहुणचार घेतलेला नाही त्यांना यातली अडचण कळायची नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मुलगी म्हणजे सुजाता इंगळे, वय एकोणतीस, व्यावसायिक किकबॉक्सर. पुण्यात मी ज्या व्यायामशाळेत आहारतज्ज्ञ म्हणून बसते तिथेच ती सराव करते. काय खाऊ नये ते लोकांना सांगणं हा माझा व्यवसाय आणि नेमकं तेच खाणं ही माझी आवड, त्यामुळे माझं वजन एकाहत्तर किलो आहे. सुजाताचं बावन्न असावं लागतं. सामन्याच्या आदल्या दिवशी दोघी खेळाडूंना काट्यावर उभं करतात आणि ठरलेल्या वजनाच्या वर शंभर ग्रॅम भरले तरी सामना रद्द होऊ शकतो. मागच्या वेळी बेंगळुरूला सुजाता चारशे ग्रॅमनी चुकली. समोरची मुलगी हातमोजे पिशवीत भरून घरी गेली आणि संयोजकांनी सुजाताला बजावलं, पुन्हा असं झालं तर यादीतून नाव कायमचं काढू. अकरा सामने, सात विजय, एकदा मोडलेलं नाक आणि दहा वर्षांची मेहनत त्या एका वाक्याला टांगलेली होती.

आणि पुढचा सामना आला तो नेमका बुलढाण्यात, तिच्याच जिल्ह्यात. तिचं गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा. आई फोनवर म्हणाली, "घर असून हाटेलात राह्यतं का कोणी?" आमच्या कोचनी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो, कपाळाला हात लावला. मग ते एका अटीवर तयार झाले. वजनाच्या दिवशी ते परस्पर बुलढाण्याला येणार आणि तोवर मी सुजाताबरोबर गावी राहून तिच्या तोंडात काय जातं ते पाहणार. मी विचार करायला वेळ घेतल्यासारखं दाखवलं आणि हो म्हटलं. फेब्रुवारीत तिकडे भरिताची वांगी असतात हे मला आधीच कळलं होतं.

मलकापूर ते धामणगाव

मलकापूरला उतरलो तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची बॅग होती आणि दुसऱ्या हातात काचेचा वजनकाटा, टॉवेलात गुंडाळलेला. व्यायामशाळेचा तो सर्वांत अचूक काटा. रेल्वेत मी तो मांडीवर घेऊन बसले होते.

मोताळ्याच्या स्टँडवर सुजाताची भाषा बदलली. पुण्यात "मला माहीत नाही" म्हणणारी मुलगी जीपवाल्याला "मले काय मालूम" म्हणाली आणि तिचा आवाजही थोडा मोठा झाला. नऊ माणसांच्या जीपमध्ये आम्ही सोळाजण बसलो. वाटेत एका फाट्यावर जीप थांबली तेव्हा पाय मोकळे करायला मी उतरले आणि काटा पायरीजवळ खाली ठेवला. तेवढ्यात कांद्याच्या रोपांची टोपली डोक्यावर घेतलेल्या, चांगल्या ऐसपैस बाई आल्या, काट्यावर पाय देऊन जीपमध्ये चढल्या आणि मला म्हणाल्या, "पाट ठेवला व्हय बाई चढाले? बरं केलं. गुडघ्याचा लय तरास हाये मले."

टॉवेल उघडला तर आत काट्याचे तीन तुकडे. मला रडू यायला लागलं आणि सुजाताला हसू. "माधवीताई, टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली. "आमच्या घरी सगळ्याची कमी असेल, वजनकाट्याची नाही. माझे बाबा मापारी आहेत."

मापारी म्हणजे बाजारात आलेला माल काट्यावर तोलून त्याचं वजन मोठ्यानं बोलणारा माणूस. तो बोलला की तोच आकडा; शेतकरीही मान डोलावतो आणि व्यापारीही. सुजाताचे वडील किसनराव चाळीस वर्षं हे काम करत आले होते आणि पंचक्रोशीत त्यांच्या आकड्यावर कुणी कधी शंका घेतलेली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

घराच्या दारात सुजाताच्या आई, वत्सलाबाई, उभ्या होत्या. "जय भीम" म्हणून त्यांनी मला आत घेतलं, पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हाडकं दिसून राह्यले माय हिचे. काय खाऊ घालता तुम्ही तिकडं?" हा प्रश्न मला होता. मी तक्ता काढून दाखवला: दोन उकडलेली अंडी, काकडी, मूठभर मोड आलेले मूग. वत्सलाबाईंनी तक्ता नीट वाचला, घडी करून परत दिला आणि चुलीकडे वळल्या.

पुण्यात पाहुणा एकदा "नको" म्हणाला की आपण त्याच्या इच्छेचा मान राखतो आणि मनातून सुटकेचा श्वासही टाकतो. धामणगावात पहिलं नको म्हणजे रीत, दुसरं नको म्हणजे लाजणं आणि तिसरं नको म्हणजे वाढणारी लांब बसली आहे, तिनं जवळ सरकावं. मी सुजाताच्या ताटावर हात आडवा धरला तर वरण माझ्या हातावरून ताटात पोचलं.

निंबाखालचा काटा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किसनरावांबरोबर त्यांच्या कामावर गेलो. पत्र्याची मोठी शेड, बाहेर निंबाचं झाड आणि झाडाखाली हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी. किसनराव अंगानं वाळकुटे, पांढरा सदरा, खिशाला पेन. घरी त्यांच्या तोंडून मी चार शब्द ऐकले नव्हते, पण काट्यापाशी उभे राहिले आणि त्यांचा आवाज शेडभर घुमायला लागला. पहिल्या पोत्याला ते एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. हमाल पोतं टाकतात, आकडे फक्त मापाऱ्याच्या बाजूला उमटतात, तो त्यातून बारदान्याचा एक किलो मनातल्या मनात कापतो आणि निव्वळ मालाचं वजन बोलतो. बारदाना म्हणजे रिकामं पोतं. इतकं झरझर चालतं की पोतं टेकतं न टेकतं तोच आकडा हवेत असतो. मी नुसती बघत राहिले.

मग हमालांनी काटा पुसला आणि सुजाता पातळ टी-शर्ट आणि चड्डीवर त्यावर चढली. किसनरावांनी आकड्याकडे पाहिलं. "बावन सहाशे."

माझ्या तक्त्याप्रमाणे त्या दिवशी त्रेपन्न चारशे चालणार होते. म्हणजे आम्ही आठशे ग्रॅमनी पुढे होतो. मला इतका आनंद झाला की चप्पल काढून मीही काट्यावर चढले.

"सत्तर दोनशे," किसनराव तितक्याच निर्विकारपणे म्हणाले.

आदल्या दिवशी दोन वेळा जेवून, वर गूळ-शेंगदाणे खाऊन माझं वजन आठशे ग्रॅमनी घटलं होतं. वहीत मी लिहिलं: इथल्या पाण्यात काहीतरी आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि मी ती कुणाला दाखवत नाही.

निंबाच्या एका जाड फांदीवर दोराच्या घासण्यानं खोलगट खाच पडलेली होती. सुजातानं तिथं हात फिरवला आणि मला गोष्ट सांगितली. शाळेत खेळाच्या सरांकडून ती लाथा मारायला शिकली, पण मारायच्या कशावर? एक दिवस शाळेतून आली तर या फांदीला सरकीनं भरलेलं पोतं टांगलेलं होतं. ते वडिलांनी बांधलं होतं. ते पोतं वीस किलोचं होतं. तिला ते हलकं व्हायला लागलं की एखाद्या सकाळी ते पंचवीस किलोचं झालेलं असायचं, मग तीसचं. पुढे ती पोलीस भरतीसाठी पुण्याला आली, भरती हुकली आणि किकबॉक्सिंग लागलं.

"पण सामना त्यांनी एकही पाहिला नाही," ती म्हणाली. "मोबाईलवर पाठवला तरी उघडत नाहीत."

मी किसनरावांना विचारलं, का पाहत नाही? ते पोत्यांकडे बघत म्हणाले, "तिले कोणी मारून राह्यलं अन् मी बसून पाहू? नाही होत बाई."

यावेळी मात्र सामना तासाभराच्या वाटेवर होता. "येतो म्हणाले आहेत," सुजाता म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली. का, ते मला तेव्हा समजलं. नाव यादीतून जाण्याची भीती तिला होतीच, पण बाप पहिल्यांदा यायचा आणि पोरगी रिंगणात चढलीच नाही असं व्हायचं, याची जास्त होती.

भरीत

तिसऱ्या दिवशी किसनराव म्हणाले बावन्न तीनशे, आणि मी कायमची बिघडले.

शेजारच्या गोदाकाकूंच्या शेतात भरिताचा बेत होता. काकूंच्या घरची बरीच शेती आहे, कापूस वेचून झालेला, त्याच्या वाळक्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या. त्यांचाच जाळ करून हातभर लांब हिरवी वांगी आत सोडली. सालं करपून फुटली की ती काढायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची फोडणी. बरोबर ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकर. पुण्यात आम्ही वांगं गॅसच्या शेगडीवर भाजतो आणि मिक्सरमधून काढून त्याला भरीत म्हणतो. त्याबद्दल मी त्या बांधावर मनातल्या मनात माफी मागितली.

सुजाता काकडी घेऊन बाजूला बसली होती. गोदाकाकूंना ते बघवेना. "पोरीले उपास हाये का?"

"नाही काकू, वजन बावन्न ठेवायचं आहे."

"मंग बावन तीनशेच त हाये. साऱ्या गावाले मालूम हाये. किसनभाऊ बोलले न सकाळी."

साऱ्या गावाला खरंच माहीत होतं. जीपवाल्यानंही विचारलं होतं, आज किती भरली म्हणून. शिवाय तक्त्याच्या हिशेबानं आम्ही अजून पुढेच होतो. मी आहारतज्ज्ञाच्या अधिकारानं अर्धी भाकर आणि दोन चमचे भरीत मंजूर केलं. सुजातानं ते डोळे मिटून, वीस मिनिटं लावून खाल्लं. मी स्वतःला किती मंजूर केलं ते विचारू नका. वजन घटत होतं, मग हरकत काय होती?

तेवढ्यात हमालांचे म्होरके गजाननभाऊ आले. त्यांच्या मनात वेगळीच काळजी होती. सामना झाल्यावर बाजारात सुजाताची गूळतुला करायची गावानं ठरवलं होतं: जुन्या तागडीच्या एका पारड्यात ती, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ सगळ्यांना वाटायचा. "बावन किलोत काय होते ताई?" ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "अर्ध्या गावाले पुरत नाही. पोरगी जरा भरली पायजे. तुम्ही खाऊ घाला न तिले."

जिल्ह्यात एका माणसाला ती हलकी हवी होती, बाकीच्यांना जड. तो एक माणूस मी होते, आणि माझ्या हातात तेव्हा चौथी भाकर होती.

बावन्न पूर्णांक नऊ

चौथ्या दिवशी सकाळी किसनराव म्हणाले, "एकावन नऊशे." सुजातानं मला उचलून गरकन फिरवलं, यावरून किकबॉक्सिंगमध्ये किती ताकद लागते ते कळावं. ती पाण्याचा घोटही न घेता जीपमध्ये बसली. मागून आई, वडील, गोदाकाकू, गजाननभाऊ आणि दोन जीप भरून गाव. किसनरावांनी नवा सदरा घातला होता.

बुलढाण्यात हॉलच्या बाहेर सर उभे होते. मी लांबूनच अंगठा वर केला. आत टेबलामागं एक क्रीडाशिक्षक पंच म्हणून बसले होते, शेजारी दुसऱ्या दिवशी सुजाताशी लढणारी नागपूरची मुलगी, तिच्यापेक्षा वीतभर उंच. ती आधीच वजन देऊन केळं खात होती.

सुजाता काट्यावर चढली. पंच म्हणाले, "बावन्न पूर्णांक नऊ."

ती उतरली, पुन्हा चढली. बावन्न पूर्णांक नऊ. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात येईल ते बोलले: काटा बिघडला आहे, जमीन सपाट नाही, आमचं सकाळीच एकावन्न नऊशे भरलं आहे. पंच बिचारे शांत होते. नियम सांगितला त्यांनी, दोन तासांची मुदत मिळेल, त्यानंतर सामना रद्द.

तेवढ्यात किसनराव पुढे आले. वाकून त्यांनी काटा पाहिला, वरचा पत्रा हातानं दाबून सोडला, शून्यावर येतो का पाहिलं. कुणाच्या तरी पिशवीतला एक किलोचा मिठाचा पुडा ठेवला. बरोबर एक.

"काटा बराबर हाये," ते म्हणाले. आणि मग तिथेच उभे राहिले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे.

"बारदाना कापला म्या," ते म्हणाले.

"काय?" सर म्हणाले.

"चाळीस वर्सं झाले साहेब. बारदाना कापल्याबिगर वजन तोंडातून निघतच नाही. रोजचा एक किलो कापून बोललो मी."

मला माझे सत्तर दोनशे आठवले. त्या म्हाताऱ्या माणसाचा शब्द आयुष्यात पहिल्यांदा चुकला होता आणि तोही स्वतःच्या पोरीच्या वजनाचा. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सुजाता त्यांच्याकडे बघत होती. आता ती रडणार असं मला वाटलं, तर तिचे खांदे हलायला लागले आणि ती पोट धरून खाली बसली.

"बाबा," हसता हसता तिला बोलता येईना, "मी काय हरभरा आहो का?"

आधी गोदाकाकू हसल्या, मग पंच, मग सगळा हॉल. हसले नाहीत ते फक्त किसनराव आणि सर. सर घड्याळ बघत होते.

नागपूरची मुलगी केळं संपवून उठली. बॅगेतून तिनं घाम काढायचा प्लास्टिकचा सूट काढला आणि सुजाताच्या हातात दिला. "घे. मी एवढ्या दूर लढाले आली, वापस जाले नाही." त्या मुलीबद्दल मला जे वाटलं ते दुसऱ्या दिवशी तिनं सुजाताला पहिला गुद्दा मारेपर्यंत टिकलं.

राजूर घाट

बुलढाणा डोंगरावर आहे आणि मोताळ्याकडून येताना राजूर घाट चढावा लागतो. तासाभरापूर्वी आम्ही तो गाणी म्हणत चढलो होतो. आता जीप घाटाच्या पायथ्याशी उलट गेल्या आणि सुजाता वर पळायला लागली. प्लास्टिकच्या सुटावर टी-शर्ट, त्यावर सरांचं जाकीट, डोक्यावर आईची शाल. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना पानं झडलेले साग, आणि मागे दोन जीप, लग्नाच्या वरातीच्या वेगानं.

मी अधिकृत आहारतज्ज्ञ म्हणून तिच्याबरोबर पळायचं ठरवलं. पहिल्या वळणापर्यंत पळाले. दुसऱ्या वळणाच्या आधी एका मैलाच्या दगडावर बसले आणि जीपनं मला उचललं. माकडं कठड्यावर ओळीनं बसून हे सगळं बघत होती.

किसनराव मात्र पळत होते. पायात साध्या चपला, टोपी खिशात. पोरीच्या बाजूला, दोन पावलं मागे. गजाननभाऊ जीपमधून ओरडले, "मापारी, बसा न गाडीत. जीव जाईन." त्यांनी ऐकलं नाही. एका ट्रकवाल्यानं ट्रक हळू करून विचारलं, "काऊन पळून राह्यले बे हे?" आणि गोदाकाकूंनी जीपमधूनच त्याला सगळी हकीकत सांगितली, बारदान्यासकट. तो म्हणाला, "मंग पळाच लागन," आणि आमच्या पुढे हॉर्न वाजवत वाट मोकळी करत निघाला.

एकदा सुजाता थांबली, गुडघ्यांवर हात टेकले. किसनराव तिच्यासमोर उभे राहिले. धापा टाकत म्हणाले, "किती वळणं राह्यले माहीत हाये का तुले? मी मोजून राह्यलो. सहा. लाभ म्हण."

"लाभ," ती म्हणाली आणि पळायला लागली.

हॉलमध्ये परत आलो तेव्हा मुदतीतली पंचवीस मिनिटं उरली होती. बावन्न पूर्णांक एक. शंभर ग्रॅम. वत्सलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून चिंचेचे गोळे काढले आणि सुजाताच्या तोंडात कोंबले. ती कोपऱ्यात बसून भांड्यात लाळ थुंकत राहिली आणि दोन जीप भरून आलेलं गाव ते भांडं किती भरलं ते वाकून वाकून बघत होतं. मग पुरुषांना पाठ फिरवायला लावून आम्ही चौघींनी चार बाजूंनी चादर धरली आणि कपड्यांचं उरलंसुरलं वजन उतरवलं. चादरीवरून फक्त तिचं डोकं दिसत होतं. काट्याचे आकडे टेबलाच्या बाजूला होते.

पंचांनी आकडा पाहिला. मग ते पाठ करून उभ्या असलेल्या किसनरावांकडे वळले. "काका, या इकडं. आकडा तुम्हीच बोला."

किसनराव आले, खाली वाकले आणि बराच वेळ तो आकडा वाचत राहिले. मी त्यांचा आवाज शेडमध्ये ऐकला होता, पण तसा नाही.

"बावन," ते म्हणाले. "बारदाना नाही."

सामना

सामना दुसऱ्या दिवशी दुपारी चारला झाला. मला लढतीतलं फारसं कळत नाही, त्यामुळे मी जे पाहिलं तेच सांगते. नागपूरची मुलगी लांब हातांनी सुजाताला जवळ येऊ देत नव्हती. पहिली फेरी तिचीच. दुसऱ्या फेरीत तिची लाथ सुजाताच्या कानावर बसली आणि सुजाता खाली गेली. पंच वाकून मोजायला लागले: एक, दोन.

माझ्या शेजारी किसनराव डोळे मिटून बसले होते. आकडे ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि पुटपुटले, "लाभ म्हणा ना." आठवर सुजाता उभी राहिली. त्यानंतर मात्र त्यांनी डोळे मिटले नाहीत.

तिसऱ्या फेरीत सुजातानं मांडीवर लाथा मारायला सुरुवात केली, सरकीच्या पोत्यावर मारायची तशा, एकाच जागी. आणि माझ्या कानाशी आवाज सुरू झाला. लाभ. दोन. तीन. चार. आधी हळू, मग शेडमधल्यासारखा, हॉलभर. सात होईपर्यंत सगळं धामणगाव मोजत होतं. अकराव्या लाथेला नागपूरची मुलगी मागे दोरावर टेकली. तीनपैकी दोन पंचांनी सुजाताला दिलं आणि तिचा हात वर गेला.

मी गोदाकाकूंना मिठी मारली, गोदाकाकूंनी सरांना, आणि सरांना कुणाला मारावी ते न कळून त्यांनी ट्रकवाल्याला मारली. होय, तोही आला होता.

तागडी

शेवटच्या दिवशी निंबाखाली जुनी लाकडी तागडी टांगली. सुजाता हातमोजे घालून एका पारड्यात बसली, कान सुजलेला, तोंडात पुरणपोळी. दुसऱ्या पारड्यात गजाननभाऊ गुळाच्या किलोकिलोच्या भेल्या ठेवत गेले. काटा सरळ झाला तेव्हा किसनरावांनी भेल्या मोजल्या.

"पंचावन."

गजाननभाऊ खूश झाले, पण चेष्टा सोडवेना. "मापारी, बारदाना कापा न."

किसनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "हिच्यातून आता एक ग्रामबी कापाचा नाही," ते म्हणाले, आणि लोक हसले तरी ते हसले नाहीत. सुजाता पारड्यात मान खाली घालून बसली होती. पोळी संपवायला तिला फार वेळ लागला.

मलकापूरला गाडीत चढताना किसनरावांनी आम्हा दोघींच्या हातात प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली एकेक पुडी दिली. गूळ. "रोज एक किलो कापला होता न तुमचा," ते म्हणाले. "वापस घ्या."

माझा किलो मी भुसावळच्या आतच फोडला. पुण्याला उतरल्यावर वजन केलं तर चौऱ्याहत्तर भरलं, आणि यात बारदाना किती हे सांगायला जवळ कुणी नव्हतं. सुजाताचा मात्र अजून तसाच आहे. तिचं नाव यादीत आहे, पुढचा सामना कोलकात्याला ठरला आहे, आणि सरांनी व्यायामशाळेत नवा काटा आणला आहे. रोज सकाळी ती आधी बॅगेतून ती पुडी काढून काट्यावर ठेवते. बरोबर एक किलो भरला की मग स्वतः चढते. एकदा तो काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवत होता. सर म्हणाले, गुळाला पाणी सुटलं असेल, किंवा पुडीच तशी बांधली असेल.

"काटा बदला सर," सुजाता म्हणाली. "वजन बाबांनी केलंय."